जलधारा अपार्टमेंटमधली वीज

पुंडलिकराव औताडे यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं वीज पाडायचं ठरवलं, आणि ठरवल्या ठरवल्या ते चारचौघांना सांगूनही टाकलं. यातली दुसरी गोष्ट केली नसती तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण मास्तर माणूस. डोक्यात आलेलं दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही.

निमित्त झालं निरोप समारंभाचं. ज्युनिअर कॉलेजात त्यांनी उभी हयात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. विद्युत-प्रवर्तन हा त्यांचा हातखंडा धडा. फळ्यावर ते तारेची अशी काही वेटोळी काढत की ती उतरवता उतरवता मागची बाकं झोपी जात. प्रत्यक्ष प्रयोग मात्र कधी झाला नाही. यंत्र कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि चावी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ बदलून दुसरीकडे गेले होते. निरोपाच्या दिवशी शिवराज नावाचा माजी विद्यार्थी प्रेमानं बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "सरांनी आम्हाला वीज शिकवली. आम्ही ती पाहिली नाही, पण सरांवर विश्वास ठेवला." सभागृहात टाळ्या पडल्या. पुंडलिकराव शाल, नारळ आणि हे वाक्य घेऊन घरी आले. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली. वाक्य मात्र काही केल्या पचेना. त्यात हा शिवराज त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि विम्याचा एजंट होता, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी जिन्यात भेटून नमस्कार करायचा.

म्हणून टेस्ला कॉइल. गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणारी जी इग्निशन कॉइल असते, तिच्यापासून हे यंत्र घरच्या घरी करता येतं असं पुंडलिकरावांनी मोबाइलवर पाहिलं. एका नळीवर गच्च गुंडाळलेली तांब्याची तार, नळीच्या डोक्यावर धातूचा गोळा, आणि त्या गोळ्यातून हवेत फुटणाऱ्या जांभळ्या ठिणग्या. व्हिडिओतला गोरा माणूस हे सगळं चहा टाकावा इतक्या सहज करत होता. त्याच्याकडे गॅरेज होतं, बाग होती आणि विचारायला येणारे शेजारी नव्हते, हे पुंडलिकरावांच्या लक्षात आलं नाही.

जलधारा अपार्टमेंटच्या मासिक सभेत त्यांनी घोषणा केली: दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे आपट्याची पानं द्यायला गच्चीवर जमतातच, तेव्हा आपण सर्वांसमक्ष वीज पाडून दाखवू.

सोसायटीचे चेअरमन नानासाहेब तळमजल्यावर राहायचे. वैजापूरकडची जमीन, कांद्याचा व्यापार, आणि सभेत शेवटचं बोलण्याचा वंशपरंपरागत हक्क. ते म्हणाले, "सर, इतकी वर्सं फळ्यावर वीज पाडली, आता गच्चीवर पाडायची म्हंता व्हय? पाडा, पाडा. नुकसानभरपाई मातर तुमच्याकडं." सभा हसली. शिवराज सगळ्यात आदरानं हसला.

इथे जलधारा या नावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. सिडकोतली ही इमारत बांधली तेव्हा बिल्डर मोठ्या मनाचा माणूस असावा. नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. जायकवाडी भरलं की पेपरात धरणाचा फोटो यायचा आणि जलधारातले लोक तो फोटो पाहून समाधान मानायचे. जे थोडंफार यायचं ते खालचे मजले थेट लाइनला मोटारी लावून ओढून घ्यायचे. अशी मोटार लावणं बेकायदेशीर आहे हे सर्वांना एकमतानं मान्य होतं, म्हणून प्रत्येकाची मोटार झाकलेली होती. कुणाची गोणपाटाखाली, कुणाची उपड्या टबाखाली. नानासाहेबांच्या मोटारीवर तर स्टूल होतं आणि स्टुलावर मनीप्लांट. पाणी तिसऱ्या मजल्यावर चढायच्या आत संपलेलं असायचं. मग पुंडलिकरावांच्या पत्नी विशाखाबाई हंडा-बादल्या घेऊन खाली अंगणातल्या सामाईक नळावर जायच्या आणि मोटारींना दया येऊन जी धार उरेल ती भरून वर आणायच्या. गुडघे दुखायचे. पुंडलिकराव त्या वेळी पेपर तपासत असायचे. निवृत्त झाल्यावर पेपर वाचत असायचे.

तर कॉइल. ती आणायला ते मोंढा नाक्याजवळच्या वहाबभाईंच्या गॅरेजमध्ये गेले. वहाबभाईंनी ऐकून घेतलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"सर, तुमारे पास तो स्कूटर है. कार की कॉइल काइकू?"

"प्रयोगासाठी. वीज पाडायची आहे."

वहाबभाईंनी आवाज खाली आणला. "घर में सब खैरियत है ना?"

खैरियत असल्याची खात्री पटल्यावर त्यांनी भंगारातून एका जुन्या व्हॅनची काळी, तेलकट कॉइल काढली, बोळ्यानं पुसली, आणि सल्ल्यांना सुरुवात केली. कॉइल उलटी लावली तर जास्त करंट फेकते, हा पहिला सल्ला. बॅटरी उन्हात ठेवली तर तरतरीत राहते, हा दुसरा. झटपट चालू-बंद करायला इंडिकेटरचा टिकटिक करणारा रिले त्यांनी स्वतःहून दिला. शेवटी पुंडलिकरावांनी अर्थिंगचं विचारलं, तर वहाबभाई हसले. "उसका टेन्शन नक्को लेव सर. पानी के पाइप कू बांध देव. हम तो सब उसीच कू बांधते." पुंडलिकरावांनी मान डोलावली. पुस्तकातही साधारण असंच होतं.

कॉइल बगलेत मारून ते गॅरेजातून निघाले तेव्हा शिवराज समोरच्या टपरीवर चहा पीत होता. घरी पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर संदेश येऊन पडला होता: "आदरणीय औताडे सर लवकरच चारचाकी घेत आहेत. हार्दिक अभिनंदन!" त्याखाली हात जोडलेले, फुलं, पेढे आणि एक लाल रंगाची गाडी. पहिल्या मजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या रईसाआपांनी फोन करून मुबारकबाद दिली आणि पांढरा रंग घेऊ नका, धूळ दिसते, असंही सांगितलं. नानासाहेबांनी पार्किंगवर तातडीची बैठक घेतली. नसलेल्या गाडीला जागा कुठं द्यायची यावर चर्चा इतकी तापली की दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. आपण गाडी घेतच नाही, हे पुंडलिकराव कळवळून सांगत होते. "घेताना सगळे असंच म्हंतेत," नानासाहेब म्हणाले, आणि गेटापाशी गटाराच्या झाकणावर त्यांची जागा मुक्रर करून टाकली.

पुढची पायरी बाटल्यांची. या यंत्राला वीज साठवायला कपॅसिटर लागतो, आणि तो मिठाच्या पाण्यानं भरलेल्या जाड काचेच्या बाटल्यांपासून करता येतो. जाड काच बिअरच्या बाटलीला असते. पुंडलिकरावांनी आयुष्यात ताकापलीकडे काही घेतलं नव्हतं, म्हणूनच भंगारवाल्याकडून बाटल्यांची गोणी आणताना ती झाकून आणायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. जिन्यात शिवराज भेटलाच. त्यानं गोणी पाहिली, सरांना पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, रिटायरमेंटनंतर होतं असं. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. नाव बाहेर फुटत नाही."

"कपॅसिटर आहेत हे!" पुंडलिकराव ओरडले.

"हो सर," शिवराज म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते."

विशाखाबाईंनी गोणी पाहून एक अक्षर उच्चारलं नाही. ही फार वाईट खूण होती. तांब्याची तार चितेगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या मेहुण्यानं आणून दिली तेव्हाही त्या गप्प. ती तार प्लॅस्टिकच्या नळीवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायची होती. पुंडलिकराव मनात वेढे मोजत, बेल वाजे, कुणीतरी गाडीचा रंग विचारायला आलेलं असे, आणि वेढे विस्कटत. बाई तोंड फिरवून भाजी निवडत राहिल्या. पण डोक्यावरचा गोळा करायला पुंडलिकरावांनी फडताळातून स्टीलचे दोन मोठे वाडगे काढून एकमेकांवर उपडे घातले, तेव्हा त्यांचा बांध फुटला. माहेरचे वाडगे होते ते. एकावर ठळक अक्षरांत कोरलेलं होतं: "चि. सौ. कां. विशाखा हिस आत्याकडून सप्रेम भेट."

"अहो, आत्याचा वाडगा तेवढा सोडा! वीज काय दुसऱ्या कशातून पडत नाही?"

"गोल पाहिजे. गुळगुळीत पाहिजे. विज्ञानाचा नियम आहे."

"विज्ञानाला म्हणावं, स्वतःच्या माहेराहून आण," असं म्हणून त्या आत गेल्या. वाडगा मात्र राहिला. नळीच्या टोकावर आत्याचा सप्रेम भेट वाडगा बसवलेलं ते यंत्र एखाद्या लग्नाच्या रुखवतात मांडल्यासारखं दिसू लागलं.

अर्थिंग तेवढं बाकी होतं. जलधारामध्ये अर्थिंग म्हणजे भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक. भोक होतं, त्याच्या मागं काही नव्हतं. तेव्हा वहाबभाईंचा सल्ला शिरसावंद्य मानून पुंडलिकरावांनी स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत यंत्र मांडलं आणि तार तिथल्या नळाच्या लोखंडी पाइपला आवळली. पाइप भिंतीतून खाली जातो, खाली जमिनीत जातो, जमीन सर्वांची आई आहे, असा त्यांचा हिशेब. हिशेब पुस्तकाप्रमाणे चोख होता. मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या मीटरजवळ गळती झाली म्हणून नानासाहेबांनी तिथला पाइपाचा तुकडा प्लॅस्टिकचा बसवून घेतला होता, एवढंच काय ते पुस्तकात नव्हतं. त्यामुळे सगळ्या मजल्यांचा लोखंडी पाइप जमिनीला न टेकता अधांतरी लोंबकळत होता, आणि त्याच्यात जे काही सोडाल ते जाणार कुठं, तर लोकांच्या नळांत.

चाचणीसाठी त्यांनी दिवस निवडला पाण्याचा. त्या सकाळी अख्खी इमारत खाली गुंतलेली असते, कुणी बेल वाजवत नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी येतच नसल्यामुळे घरात तसं कामही नसतं. विशाखाबाई बादल्या घेऊन खाली गेल्या. खालून मोटारींची घरघर सुरू झाली. पुंडलिकरावांनी बाल्कनीला जुन्या चादरी लावून अंधार केला, देवाचं नाव घेतलं, देवाच्या पाठोपाठ फॅरेडेचंही घेतलं, आणि बटण दाबलं.

चर्र चर्र चर्र!

आत्याच्या वाडग्यातून वीतभर लांब, जांभळी, सापासारखी वळवळणारी ठिणगी हवेत फुटली. मग दुसरी. मग तीन-चार एकदम. बाल्कनीत ओझोनचा तिखट वास पसरला. पुंडलिकराव उभ्या उभ्या रडू लागले. मास्तर इतकी वर्षं जे फळ्यावर काढत आले होते ते खरंच असं होतं, आणि ते त्यांच्याच्यानं झालं होतं. त्यांना शिवराजला हाक मारावीशी वाटली, बदलून गेलेल्या त्या चावीवाल्या गृहस्थांनाही मारावीशी वाटली. त्यांनी बटण सोडलंच नाही.

खालून अनेक आवाज एकदम उठले. "अगं मायऽ!" "या अल्ला!" पाठोपाठ एक हंडा घरंगळत गेल्याचा आवाज, आणि मोटारी एकेक करून बंद पडल्या. पुंडलिकरावांना वाटलं, खाली पाण्यावरून नेहमीचं चाललंय.

बऱ्याच वेळानं विशाखाबाई रिकाम्या बादलीसह वर आल्या. "नळाला करंट आलाय," त्या दारातूनच म्हणाल्या. "हात लावला की झिणझिण्या. नानासाहेब तर मोटारीला हात लावून असे उडाले की मनीप्लांट घेऊन पडले. आणि पाइपातून आवाज काय येतोय, चर्र चर्र! सगळ्यांनी कान लावून ऐकला."

पुंडलिकरावांनी बटणावरचं बोट हळूच उचललं. चादरी खाली घेतल्या. बोलले मात्र काही नाहीत. सत्य सांगायला योग्य वेळ लागते, आणि ही ती नव्हती, हे सांगायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं टेस्टर लावला तर काहीच नाही, कारण वर बटण बंद होतं. तो गेल्यावर ग्रुपवर शिवराजनं शोध लावला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या शहरांत पाणीचोरी पकडायचं नवीन यंत्र आलं आहे. ते लाइनमध्ये बसवलं की जिथं मोटार चालू असेल तिथं नेमका झटका बसतो. आपल्या पालिकेनंही ते गुपचूप बसवलेलं दिसतं. या शोधाला आधार म्हणून त्यानं एका व्हिडिओची लिंक दिली होती, ती कुणी उघडली नाही.

खात्री करायला नानासाहेबांनी पालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या राजकुमारला गाठलं. राजकुमारला पाणी कधी येणार, कमी का आलं, काल का आलं नाही, काहीही विचारा, उत्तर एकच असायचं. तेच त्यानं दिलं: "वरून आदेश हायत. मला काय बोलता यायचं नाय, साहेब." नानासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

संध्याकाळी तातडीची बैठक. सकाळी किंचाळलेले झाडून सगळे हजर. नानासाहेबांनी घसा साफ केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाकुणाला झटका लागला म्हंता?"

जो तो छताकडे पाहू लागला. झटका लागला म्हणजे मोटार आहे, असा आता कायदाच झाला होता.

"मला नाही बा," दुसऱ्या मजल्यावरचा शिवराज म्हणाला. त्याच्या उजव्या हाताला अजून बँडेज होतं. तो टमरेल सोडायच्या नादात भिंतीवर आपटला होता.

"सकाळी तुम्हीच ओरडला ना, चेअरमनसाहेब?" कुणीतरी विचारलं.

"मी? मी तर आरती म्हनत हुतो," नानासाहेब म्हणाले. "माझा आवाजच मोठा हाय."

रईसाआपा उभ्या राहिल्या. त्या बिचाऱ्या खरं बोलायच्या सवयीच्या. "मला लागला. चांगला लागला. पण माझ्याकडे तर मोटार नाही." सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या नजरांमध्ये इतकी सहानुभूती होती, इतका समजूतदारपणा होता, की आपा क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी ओढणी सावरली आणि खाली बसल्या. "तो मुझे भी नहीं लगा," त्या म्हणाल्या. "मुंग्या आल्या असतील." सभा सर्वानुमते संपली. कुणालाही झटका न लागल्याची नोंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून मोटारी हलल्या. कुणाची चादरीत गुंडाळून भावाकडे गेली, कुणाची माळ्यावर. नानासाहेबांची टेम्पोत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांखाली झोपून वैजापूरला शेतावर गेली. मनीप्लांट एकटाच उरला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी विशाखाबाई बादल्या उचलून दारापर्यंत गेल्या आणि मागे बाल्कनीतल्या नळानं खोकल्यासारखा आवाज केला. त्या थबकल्या. नळ पुन्हा खोकला, त्यानं हवा सोडली, गंजाचं लाल पाणी ओकलं, आणि मग स्वच्छ, जाड, हाताला धक्का देणारी धार सुटली. विशाखाबाई बादली न लावता तशाच उभ्या राहिल्या. पाणी पायांवरून वाहत होतं. त्या रडत होत्या हे पुंडलिकरावांना उशिरा कळलं, कारण बाई आवाज न करता रडायच्या.

मग मात्र पुंडलिकरावांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाइप, अर्थिंग, बटण, चर्र चर्र. आपण कसे जबाबदार आहोत ते त्यांनी बाल्कनीच्या भिंतीवर ओल्या बोटानं आकृती काढूनही दाखवलं.

विशाखाबाईंनी आकृती शेवटपर्यंत पाहिली. "म्हणजे मला झटका तुम्ही दिलात?"

"तसं नव्हे, अगं, तो प्रवाह—"

"आणि हे पाणीही तुम्हीच दिलंत?"

"हो!" पुंडलिकरावांची छाती फुगली. "आणि दसऱ्याला गच्चीवर सगळ्यांना कळेल, मी काय केलंय ते!"

बोलता बोलताच त्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. कळेलच की. गच्चीवर यंत्र चालू झालं की चर्र चर्र होणार, आणि तो आवाज अख्ख्या जलधारानं पाइपाला कान लावून ऐकला होता. पालिकेचं यंत्र तिसऱ्या मजल्यावर राहतं हे कळायला शिवराजची हुशारी पुरेशी होती. मग मोटारी वैजापूरहून परत येणार, नळ पुन्हा कोरडा, आणि वर नानासाहेबांची नुकसानभरपाई.

"मी दाखवणार," पुंडलिकराव हट्टानं म्हणाले. "सगळ्यांसमोर कबूल केलंय. आयुष्यात एकदा तरी लोकांना दिसू दे, मी नुसता फळ्यावरचा नाही."

"इतकी वर्षं मी खालून पाणी आणलं. तुम्हाला कधी काही बोलले?"

"रोज बोलायचीस."

"मग आता बोलत नाही. तुमचं तुम्ही ठरवा." आणि त्या बादली भरायला लागल्या. त्यांनी खरंच काही म्हटलं नाही. त्या रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुंडलिकरावांना पेपरात एक ओळ वाचता येईना.

दसरा उजाडला. संध्याकाळी गच्ची भरली. लोकांनी खुर्च्या आणल्या, पुढची जागा धरायला रुमाल टाकले. यंत्रांची पूजा करायचा दिवस, तेव्हा नानासाहेबांनी आग्रहानं आत्याच्या वाडग्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि बॅटरीसमोर नारळ फोडला. वहाबभाई खास गॅरेज बंद करून आले होते आणि "कॉइल मेरीच है" असं सगळ्यांना सांगत होते. शिवराज मोबाइल धरून चित्रण करत होता. विशाखाबाई सगळ्यांच्या मागं, टाकीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

पुंडलिकराव यंत्रापाशी वाकले. जोडण्या तपासायच्या निमित्तानं त्यांनी कॉइलपासून बाटल्यांकडे जाणारी एक बोटभर तार सोडवली आणि खिशात टाकली.  मग ते सरळ झाले, त्यांनी बटण दाबलं, आणि उभे राहिले.

टिक. टिक. टिक. वहाबभाईंचा रिले तेवढा वाजत होता.

लोक वाट पाहत राहिले. कुणीतरी खोकलं. टिक, टिक, टिक.

"सर, इंडिकेटर तर लई भारी वाजतोय," नानासाहेब म्हणाले. "गाडी वळवायची कुणीकडं, डावीकडं का उजवीकडं?"

सगळी गच्ची हसत सुटली. रईसाआपासुद्धा ओढणी तोंडाला लावून हसल्या. वहाबभाई पुढं येऊन "मैं बोला था, उल्टी लगाव" म्हणाले. शिवराजनं चित्रण थांबवलं आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मनाला लावून घेऊ नका. थिअरीत तुमचा हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात नाही." नानासाहेबांनी आपट्याची पानं त्यांच्या हातात कोंबली आणि मोठ्या मनानं समजूत काढली, "व्हतं असं, सर. ह्ये काय येरागबाळ्याचं काम हाय? आपल्या पालिकेनं कसं यंत्र बसवलं बघा! चोराला बरोब्बर पकडतंय. त्याला म्हंतेत सायन्स!" पुंडलिकराव हसले. खिशातली तार त्यांनी मुठीत इतकी घट्ट धरली होती की ती तळव्यात रुतली होती. अपमान त्यांनी आयुष्यात पुष्कळ गिळले होते. हा पहिलाच होता जो त्यांनी स्वतः, नीट तयारी करून, मांडून घेतला होता.

यंत्र गोणीत गेलं. पुंडलिकराव जिन्यात खाली मान घालून जाऊ लागले. जलधारात त्यांना आता प्रेमानं 'इंडिकेटर सर' म्हणत. विशाखाबाईंनी या विषयावर चकार शब्द काढला नाही. जेवताना त्यांच्या ताटात वाढता हात मात्र जरा लांबला होता.

दिवाळी झाली. धाक ही गोष्ट ओल्या फटाक्यासारखी लवकर विझते. एका पाण्याच्या सकाळी बाल्कनीतली धार जोरात सुटली, मग बारीक झाली, मग थेंब थेंब. विशाखाबाईंनी जमिनीला कान लावला. तळमजल्यावरून, मनीप्लांटच्या दिशेनं, ओळखीची घरघर येत होती.

पुंडलिकराव पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर गोणी आणून ठेवल्याचा आवाज झाला. त्यांनी वर पाहिलं. विशाखाबाई एकामागून एक बाटल्या काढून मांडत होत्या. आत्याचा वाडगा त्यांनी पदरानं पुसला आणि स्वतःच्या हातानं नळीवर बसवला.

"मी शपथ घेतलीय," पुंडलिकराव फुगून म्हणाले. "पुन्हा हात लावणार नाही. लोकांनी बघितलं, हसले, झालं."

 बाईंनी बाल्कनीला चादरी लावल्या, नळ उघडा सोडून खाली प्लॅस्टिकची बादली ठेवली, वेताचा मोडा ओढून त्यावर बसल्या, आणि पदर सावरून समोर पाहत राहिल्या. पहिल्या दिवशी त्या खाली रांगेत होत्या, दसऱ्याला सगळ्यांच्या मागं. त्यांनी ठिणगी अजून पाहिलीच नव्हती, हे पुंडलिकरावांच्या डोक्यात तेव्हा कुठं शिरलं.

ते उठले. तार जोडली. "नळाला हात लावू नकोस," एवढं त्यांनी सवयीनं वर्गात सांगावं तसं सांगितलं, आणि बटण दाबलं.

चर्र चर्र चर्र! अंधारात जांभळी ठिणगी लवलवली, छताच्या दिशेनं वळवळत गेली आणि विशाखाबाईंच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत चमकली. खालून "अगं आयायाऽ" अशी एक दणदणीत आरती ऐकू आली, पाठोपाठ मनीप्लांटची कुंडी फुटली, आणि घरघर थांबली. काय झालं म्हणून विचारायला अख्ख्या इमारतीत एकाही घरानं दार उघडलं नाही. बाल्कनीतला नळ खोकला, आणि बादलीत धार पडायला लागली.

पुंडलिकरावांनी बटण सोडलं आणि वळून पाहिलं. विशाखाबाईंनी मोडा आणखी पुढं ओढला होता.

"मला नीट नाही दिसलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा दाखवा, सर."